धाकट्याच्या वाट्याची माती

‘ताई, प्रभूच्या नावात सलाम. माझं माहेर नवापूर तालुक्यात, सासर जळगावला. गेल्या ऑगस्टमध्ये बाबा गेले. मोठा दादा गावी शेती बघतो, आई त्याच्याजवळच असते. धाकटा सुरतला कामाला आहे. बाबा पहाटे गेले, पाऊस कोसळत होता. दादाने दुपारी तीनला माती उरकली आणि धाकटा पोहोचला पाच वाजता. त्याला बाबांचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यात धाकटा सुरतला एका नव्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागलाय. कबरीवर मेणबत्त्या लावणं, फुलं ठेवणं तिथं चुकीचं मानतात. “ईस्टरच्या पहाटे मी कबरस्थानात येणार नाही,” असं त्याने कळवलंय. दादा म्हणतो, “नको येऊ दे. त्याचा बाप नव्हताच तो.” आईचा एकच हट्ट आहे, ईस्टरला तिन्ही लेकरं समोर हवीत. आत्या म्हणते, वर्ष झालेलं नाही, सण धरायचा नाही. आणि माझी दोन मुलं मोबाइलवर बघून चॉकलेटची अंडी मागतायत. मी कुणाकुणाचं करू?’
— एक बहीण, जळगाव

बाई, तुलाही सलाम.

तू तीन-चार गोष्टी विचारल्यास, पण माझं मन पाच वाजता भिजत येऊन पोहोचलेल्या त्या पोरापाशीच अडकलं. त्याने घरात पाय ठेवला असेल तेव्हा बायका रडून थकलेल्या असतील, ओट्यावर चिखलाची पावलं असतील, कोपऱ्यात धुऊन उभी केलेली फावडी असतील. बाप घरात नाही, आणि सगळे त्याच्याकडे बघतायत. त्याने त्या फावड्यांकडे पाहिलं असेल आणि त्याला सगळं कळलं असेल.

तुमच्या घरातलं भांडण मेणबत्तीवरून आहे असं तुम्ही सगळे धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. ते त्या दोन तासांवरून आहे. ‘माझ्यासाठी दोन तास का थांबला नाहीत?’ हा प्रश्न तोंडातून फुटायला फार कठीण असतो. त्यापेक्षा ‘कबरीवर मेणबत्ती लावा असं शास्त्रात कुठं लिहिलंय?’ हे विचारणं सोपं जातं. धाकट्याची नवी मंडळी त्याला मनापासून पटलेली असेल, त्याबद्दल मी शंका घेत नाही. पण जी जखम आहे ती मंडळी बदलण्याच्या आधीची आहे.

आणि दादाला दोष देण्याआधी तोही दिवस आठव. नवापूरकडचा ऑगस्टचा पाऊस मी पाहिलाय, लागला की उघडीप म्हणून नसते. खड्ड्यात पाणी भरत असणार, ते उपसायला दोन माणसं लावली असणार. पाळकसाहेब छत्री धरून उभे, आणि चार वडीलधारे ‘अंधार पडायच्या आत उरकू या’ म्हणून मागे लागलेले. आजारपणातलं बाबांचं उठणं-बसणं, औषधपाणी बहुतेक त्यानेच केलं असेल. जवळ राहणाऱ्याने केलेलं कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्याचं चुकलं तेवढं मात्र चारचौघांत निघतं. ‘त्याचा बाप नव्हताच तो’ हे वाईटच बोलणं आहे. पण ते बोलणारा माणूसही आतून पोळलेला आहे.

आता दोघांना घटकाभर बाजूला ठेव आणि त्या पहिल्या शुक्रवारकडे बघ. आपल्या प्रभूची मातीसुद्धा घाईतच झाली. दिवस मावळला की शब्बाथ लागणार, मग कशाला हात लावता येणार नाही, म्हणून अरिमथाईच्या योसेफाने पिलाताकडून शरीर मागून घेतलं, तागाच्या वस्त्रात गुंडाळलं आणि खडकात खोदलेल्या कबरेत ठेवलं. गालीलातून आलेल्या बायांनी कबर तेवढी पाहून ठेवली. लूक लिहितो की त्या घरी गेल्या, सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथभर थांबल्या. रविवारी पहाटे त्या निघाल्या तेव्हा पुनरुत्थान त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. शेवटचं जे हातून राहून गेलं होतं ते करायला त्या निघाल्या होत्या. अकरा शिष्यांपैकी तर एकाचंही नाव दफनाच्या वेळी येत नाही. पेत्राने त्याआधीच ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून तीनदा सांगितलं होतं. म्हणजे बघ, ज्यांना शेवटचं करता आलं नाही, जे वेळेवर तिथं नव्हते, त्यांच्यासाठीच ईस्टरची पहाट उजाडली. तुझा धाकटा त्यांच्यातलाच एक आहे. तो नाही आला तर ईस्टर अडणार नाही, पण यंदाचा ईस्टर तुमच्या घरात सगळ्यांत आधी त्याचा आहे, हे तू मनात धरून चाल.

मी हे अनुभवाने सांगते. मी शिकायला परगावी असताना माझे वडील गेले. तो तारेचा जमाना. तार हातात पडली तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते. घरी आले, सगळ्यांनी जवळ घेतलं, पण मला कुणाशी बोलावंसंच वाटेना. भावावर राग होता आणि तो का आहे ते सांगता येत नव्हतं. दिवाळीच्या सुटीत आले तेव्हा तो म्हणाला, ‘पावसाने बाबांची कबर खचलीय. येतेस का भरायला?’ आमच्या भुसावळकडची काळी माती, पावसात फुगते आणि उन्हं लागली की भेगाळते. मधोमध हातभर खोल खड्डा पडला होता. तो फावड्याने माती ओढायचा, मी घमेलं उचलून रिकामं करायची. सातव्या की आठव्या घमेल्याला मी खाली बसून हातानेच माती पसरू लागले, ढेकळं फोडू लागले, आणि तिथंच रडू फुटलं. भाऊ काही बोलला नाही, पुढचं घमेलं भरत राहिला. बाबांची माती आपल्याला चुकली, ही बोच त्या दिवसानंतर गेली.

म्हणून माझं सांगणं असं आहे: धाकट्याला रविवारी बोलावू नकोस, शनिवारी बोलाव.

२०२६ मध्ये उत्तम शुक्रवार ३ एप्रिलला आहे आणि ईस्टर ५ एप्रिलला. मधला शनिवार आपल्याकडे कबरस्थान साफ करण्याचा. गवत उपटायचं, जुन्या कबरींना चुना द्यायचा, पुसट झालेली नावं काळ्या रंगाने पुन्हा काढायची. बाबांची कबर एक पावसाळा खाऊन बसलेली आहे, ती खचलेली असणारच. तिला भर घालावी लागेल. (आणि हो, चौथरा बांधायची घाई करू नका. माती अजून एखादा पावसाळा तरी बसत राहील. आत्ता सिमेंट ओतलं तर तडकेल.) धाकट्याला मूठमाती देता आली नाही. ती आता देऊ द्या. मेणबत्तीला, फुलांना नको म्हणणाऱ्या मंडळ्या आहेत. खचलेल्या कबरीवर मुलाने माती ओढू नये असं म्हणणारी मंडळी मी अजून पाहिलेली नाही.

त्याला फोन कर आणि एवढंच सांग: ‘बाबांची कबर खचलीय. दादा एकटा आहे. शनिवारी ये, ऊन उतरल्यावर भरू.’ समेट, माफी, लोक काय म्हणतील, यातलं काहीही फोनवर काढू नकोस. ‘आईची इच्छा आहे’ हे तर मुळीच नको. आईच्या नावाने बोलावलेला मुलगा येतो, पण पाहुण्यासारखा कडेला उभा राहतो. कामाला बोलावलेला मुलगा बाह्या वर करतो.

दादाशी मात्र समोर बसून बोल, त्यासाठी तू शुक्रवारी सकाळीच गावी पोहोच. दुपारच्या तीन तासांच्या उपासनेत प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकाल. त्यातला तिसरा तुमच्या घरासाठीच आहे असं मला वाटलं. खिळलेल्या अवस्थेतही प्रभूने आईची सोय लावली, तिला आपल्या शिष्याच्या हवाली केलं, आणि त्या दिवसापासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. दादा तेच करतोय. उपासनेहून घरी आल्यावर त्याला सांग, ‘आईला तू सांभाळलंस, आजारपणात बाबांना तू सांभाळलंस, आम्ही ते कधी बोलून दाखवलं नाही.’ हे त्याला आजवर कुणी म्हटलं नसेल. ते म्हणून झालं की त्याच्याकडे एक वाक्य माग. शनिवारी धाकटा समोर आला की त्याने एवढंच म्हणावं, ‘तुझ्याशिवाय माती दिली, ते मला अजून लागतं.’ चूक कबूल कर असं सांगू नकोस. त्या पावसात थांबायला हवं होतं की नको, यावर त्या दोघांचं कधीच एकमत होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. पण लागतं, हे खरं असणार. खरं आहे तेवढंच त्याने बोलावं.

निरोप्याचं काम तू यापुढे सोडून दे. आठ महिने तू इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत असशील, दोघांच्या शब्दांची धार कमी करत असशील. तू जळगावहून आणि तो सुरतहून, एकाच लाइनीवर दोन बाजूंनी येऊन नवापूरला उतरणार. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तरी गाडी दोन्हींकडून येऊन तिथंच थांबते. शनिवारी धाकट्याला घ्यायला दादा गेला तर फार बरं. त्याचं मन झालं नाही तर त्याच्या मुलाला पाठवा, पण तू मध्ये उभी राहू नकोस.

आता रविवारची पहाट. मेणबत्त्यांवर वाद निघालाच तर तुला माहीत असावं म्हणून सांगते. ईस्टरच्या पहाटे कबरस्थानात जाऊन गाण्याची ही रीत मेलेल्यांना पुजण्यातून आलेली नाही. १७३२ साली जर्मनीतल्या हर्नहूट गावी मोरेव्हियन मंडळीतले काही तरुण सूर्योदयाआधी गावाच्या कबरस्थानात जमले आणि तिथं त्यांनी भजनं गायली. ती मंडळी प्रोटेस्टंट. पुढे त्यांचे मिशनरी जिथं जिथं गेले तिथं ही रीत गेली. मरण जिथं ढिगाऱ्यांच्या रूपात डोळ्यांसमोर असतं, तिथंच उभं राहून ‘प्रभू येशू उठला आहे’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी ‘तो खरोखर उठला आहे’ म्हणून साद द्यायची, एवढाच त्याचा अर्थ. पण हे धाकट्याला हरवायला वापरू नकोस. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलंय की कुणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाची आपापल्या मनात खात्री असावी. तो आला आणि मेणबत्ती न लावता नुसता उभा राहिला, तरी चालेल. तो घरीच थांबून आईजवळ बसला, तरी चालेल. आदल्या संध्याकाळी त्याच्या हाताला बापाची माती लागलेली आहे, तेवढं पुरे.

पाचला निघा. ईस्टरची तारीखच चंद्रावरून निघते, २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून ईस्टरच्या पहाटे आकाशात चंद्र असतोच. यंदा चैत्री पौर्णिमेला दोन-तीनच दिवस झालेले असतील, त्यामुळे पश्चिमेला चांगला मोठा चंद्र दिसेल. आपल्या खानदेशातून वणीच्या गडावर पायी निघालेली माणसं ज्या चैत्राच्या चांदण्यात चालतात, त्याच चांदण्यात तुम्ही कबरस्थानाची वाट चालाल. आईचा हात एका भावाने धरावा, कुठल्या ते तिला ठरवू दे.

आणि मग न्याहारी. हा भाग तू मनावर घे, कारण तो पूर्णपणे तुझ्या हातात आहे. योहानाच्या शेवटच्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने येतात आणि किनाऱ्यावर प्रभूने कोळशांचा विस्तव पेटवलेला असतो. त्यावर मासळी, शेजारी भाकर. ‘या, न्याहारी करा,’ असं तो म्हणतो. पेत्र तिथंच बसलेला आहे, तीनदा नाकारणारा. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनच ठिकाणी येतो, एक हा, आणि एक प्रमुख याजकाच्या अंगणातला, जिथं हात शेकत पेत्राने नाकारलं. तसाच विस्तव पुन्हा समोर असताना प्रभू त्याला काही विचारत नाही. आधी खाऊ घालतो. सगळ्यांची न्याहारी झाल्यावर मग विचारतो, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’

तुमच्याकडे उकई धरणाच्या फुगवट्यातली मासळी बाजारात येते. शनिवारी आणून, साफ करून, हळद-मीठ आणि लाल मिरचीचं वाटण लावून ठेव. उन्हाळा आहे, बर्फ टाकायला विसरू नकोस. रविवारी कबरस्थानातून आलात की अंगणात तीन दगड मांडा, कोळसे फुलवा, मासळी थेट विस्तवावर भाजा, आणि ज्वारीच्या भाकरी आईच्या हातच्याच होऊ देत. विस्तवापाशी दादाला बसव. भाजलेला पहिला तुकडा तो कुणाला देतो त्याकडे बघू नकोस, तू भाकरी वाढत राहा. खाणं होईपर्यंत बाबांचं आजारपण, दवाखान्याचा खर्च, शेत, यातला एकही विषय निघू देऊ नकोस. निघाला तर उठून पाणी आण.

आत्याचं राहिलं. तिला उलटून बोलू नकोस. वर्षभर सण न धरण्याची चाल आपल्या खानदेशात घरोघर आहे, आपल्या ख्रिस्ती घरांनीही ती पाळली आहे, आणि तिच्यामागे गेलेल्याचा मान राखण्याचीच भावना आहे. पण ईस्टर हा सुतकात बंद ठेवायचा सण नाही, तो सुतकातच सुरू झालेला सण आहे. मग्दालीया मरीयेने उठलेल्या प्रभूला पाहिलं ते रडत असताना, आणि डोळे इतके भरलेले की तिला तो माळी वाटला. आत्याला पहाटे बरोबर घेऊन जा, तिच्या भावाच्या कबरीशी उभं राहून तिला रडू दे, तिथंच भजन होऊ दे. घरात नवे कपडे, गोडधोड, पाहुणे यंदा नको वाटत असतील तर नको. आईने काय नेसायचं ते मात्र आत्याने ठरवायचं नाही, तू नाही, सुनेनेही नाही. आईला विचारा. विधवा बाईला रंग विचारायची आपल्याकडे कुणाला सवयच नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

मुलांच्या अंड्यांची काळजी सोड. चॉकलेटचं अंडं एप्रिलच्या उन्हात जळगावहून नवापूरला पोहोचेपर्यंत त्याचा लगदा होईल. अंडं आपलंच घे. नवापूर तर कोंबड्या-अंड्यांचंच गाव. २००६ च्या फेब्रुवारीत तिथं बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, त्या ईस्टरला आमच्या घरी कुणी अंडं आणलं नव्हतं आणि ते पोरांनी अजून लक्षात ठेवलंय. लाल कांद्याच्या साली आठवडाभर साठव. दोन मुठी साली पाण्यात उकळ, चमचाभर व्हिनेगर टाक, त्यात पांढरी अंडी मंद आंचेवर वीसेक मिनिटं ठेव. विटेसारखा सुंदर तांबडा रंग चढतो. उपवासकाळात अंडी खायची नाहीत म्हणून ती साठायची आणि ईस्टरला वाटली जायची, आणि पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये ती लाल रंगवतात ती प्रभूच्या रक्ताची आठवण म्हणून, एवढं मुलांना सांग. कवच फोडून पिल्लू बाहेर येतं तसा प्रभू कबरेतून बाहेर आला, हेही सांग. मोबाइलवरचा तो अंडी आणणारा ससा आला तरी काही बिघडत नाही, पण अंगणात अंडी लपवायचं काम धाकट्या मामाला दे.

आता शेवटचं. तो कदाचित येणारच नाही. फोनवर ‘बघतो’ म्हणेल आणि शनिवारी संध्याकाळची गाडी रिकामी जाईल. आईला त्याची आधीच कल्पना देऊन ठेव, आणि दादाला त्या रात्री एक अक्षर वाईट बोलू देऊ नकोस. थोमाही त्या पहिल्या रविवारी तिथं नव्हता. बाकीच्या दहा जणांनी ‘आम्ही प्रभूला पाहिलं’ म्हणून सांगितलं, त्याला ते पटलं नाही. कुणी त्याला हाकलून दिलं नाही, आणि आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला असताना प्रभू पुन्हा आला. तुमचे आठ दिवस १२ एप्रिलला भरतात. तेव्हाही नाही आला तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आहे, मग सुटीचे दिवस आहेत, पाऊस लागायला जून उजाडेल.

तोवर दादाला सांग, कबर भरताना सगळी माती टाकू नकोस. डोक्याकडच्या बाजूला थोडी जागा खाली ठेव, आणि एक घमेलं माती भरून कुंपणाशी झाकून ठेव.